फॅट बाइकवर सामान बांधून वाळू, खडक आणि बर्फ: हवा किती, ओझं किती, मोडतं काय

प्रश्न असा आहे: चार इंची टायरची फॅट बाइक हाताशी आहे, कच्च्या रस्त्यावर सामान बांधून चालवायची सवय आहे, आणि आता आठवडाभराची वाट ठरते आहे. आधी किनाऱ्याची वाळू, मग दगडधोंड्यांचा चढ, शेवटी उंचावर बर्फ. टायरमध्ये हवा किती ठेवावी, सामान किती न्यावं नि कुठे बांधावं, आणि वाटेत काय मोडण्याची शक्यता जास्त?

तिन्ही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात. टायरमध्ये जेवढा दाब असतो, साधारण तेवढाच दाब तो जमिनीवर देतो. चालक, सायकल आणि सामान मिळून 110 किलो, म्हणजे सुमारे 243 पौंड धरा. दोन्ही टायरमध्ये 10 पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला 10 पौंड दाब) असेल तर हे वजन जमिनीच्या साधारण 24 चौरस इंचांवर टेकतं. 5 पीएसआय असेल तर 48 चौरस इंचांवर. जमीन जेवढा दाब सोसू शकते त्यापेक्षा टायरचा दाब जास्त झाला की चाक रुततं. ओझं वाढवलं तर टायर आणखी चपटा होतो, रिम दगडावर आपटायला लागते, म्हणून हवा वाढवावी लागते, आणि हवा वाढवली की पुन्हा रुतणं आलं. सामानाचं वजन चढावर जाणवतंच, पण वाळूत आणि बर्फात ते तरंगण्याच्या मुळावर येतं. ओझं कमी केलं तर हवाही थोडी कमी ठेवता येते, आणि मऊ बर्फात अर्ध्या पीएसआयवर चालवायचं की ढकलायचं हे ठरतं.

आता आकडे. 4 इंची टायर, 80 मिलिमीटरची रिम, 75 किलोच्या आसपासचा चालक आणि 15 किलो सामान धरून: डांबरी रस्त्यावर 12 ते 15 पीएसआय, घट्ट मातीवर 10 ते 12, दगडांवर 9 ते 11, सुक्या भुसभुशीत वाळूत 4 ते 6, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर 6 ते 8, ताज्या मऊ बर्फात 2 ते 4. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा एक पीएसआय जास्त. टायर 4.8 इंची असेल तर सगळीकडे एक-दीड पीएसआय खाली या. या आकड्यांवरून सुरुवात करा. अखेरचा निकाल टायरच्या बगलेवर दिसतो. सायकलवर बसल्यावर मऊ बर्फात टायरच्या बगलेला बारीक सुरकुत्या पडायला हव्यात. त्याच सुरकुत्या दगडाळ वाटेवर दिसल्या तर थांबा आणि हवा भरा.

हे सगळं मोजायला घरच्या उभ्या पंपाचा काटा निरुपयोगी आहे. 0 ते 160 पर्यंतच्या तबकडीवर 4 आणि 7 यांतला फरक काट्याच्या जाडीतच लपतो. 0 ते 15 किंवा फार तर 30 पीएसआयपर्यंत मोजणारा वेगळा गेज घ्या. माझ्या मते फॅट बाइकवर टायरनंतरची सर्वात महत्त्वाची वस्तू हीच, आणि लोक ती सर्वात शेवटी विकत घेतात.

थंडी आणि उंची या दोन गोष्टी न विचारता दाब बदलतात. घरात 20 अंशांना 8 पीएसआय भरून सायकल उणे 20 अंशांत बाहेर काढली, तर तासाभरात टायरमध्ये 5 पीएसआयच्या आसपास उरतात. हवा गळालेली नसते, आकसलेली असते. उंचीचा परिणाम उलटा: समुद्रसपाटीवर 8 पीएसआय भरलेला टायर त्याच तापमानात 3000 मीटरवर नेला तर गेज साडेबारा दाखवेल, कारण बाहेरच्या हवेचा दाब कमी झालेला असतो. तिथे उणे 10 अंश असतील तर दोन्हींचा मेळ होऊन आकडा 10 च्या पुढेमागे येतो. म्हणून बर्फाच्या टप्प्याची हवा खाली, पायथ्याशी ठरवून येऊ नका. वर पोहोचा, सायकल अर्धा तास थंडीत राहू द्या आणि मग मोजा.

भरण्याचाही हिशोब करून ठेवा. 26 इंची रिमवरच्या 4 इंची टायरच्या पोटात 14 ते 15 लिटर जागा असते. हवा पूर्ण गेलेला, चपटा टायर 8 पीएसआयपर्यंत आणायला साधारण 23 लिटर बाहेरची हवा लागते. एका दट्ट्याला 100 घन सेंटिमीटर हवा देणारा चांगला मोठ्या पोटाचा हातपंप असेल तरी 230 दट्टे. रेसिंग सायकलचा बारीक पंप असेल तर आकडा हजाराकडे सरकतो. 16 ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यातून पावणेनऊ लिटर वायू निघतो, म्हणजे एका टायरला तीन नळकांडी. ती घरीच ठेवा. मोठा पंप न्या आणि तो फ्रेमला बाहेरून न बांधता बॅगेत ठेवा, कारण वाळू शिरलेला पंप दुसऱ्या दिवशी दाब धरत नाही.

पंपाचा कंटाळा हे या प्रवासातल्या बहुतेक नुकसानीचं मूळ आहे. वाळू संपते, पुढे किलोमीटरभर खडक दिसतात, त्यापुढे पुन्हा वाळू. ‘एवढ्यासाठी कुठे हवा भरायची’ म्हणून 5 पीएसआयवर खडकातून जायचं ठरतं, आणि तिथेच ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात किंवा रिमची कड वाकते. अशा जागी एकतर हवा भरा, नाहीतर उतरून सायकल हातात धरून चाला. किलोमीटरभर चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाकलेली रिम ट्यूबलेस टायर पुन्हा धरेल याची खात्री नसते.

ट्यूब की ट्यूबलेस? सामान बांधून कमी दाबावर जायचं तर ट्यूबलेस. कारण वजनाचंही आहे (चार इंची ट्यूब एकेक 350 ते 500 ग्रॅमची असते), पण खरं कारण वेगळं आहे. कमी दाबावर ब्रेक लावला की टायर रिमवर किंचित सरकतो, सोबत ट्यूब सरकते, व्हॉल्व्ह तिरका होतो आणि दोन-तीन दिवसांत मुळाशी फाटतो. तिथे ठिगळ बसत नाही. ट्यूबच ठेवायची असेल तर टायरच्या आत टाल्कम पावडर मारा, व्हॉल्व्हची गोल चकती रिमला घट्ट आवळू नका, आणि रोज सकाळी व्हॉल्व्ह सरळ आहे का ते पाहा. तिरका दिसला तर हवा सोडून टायर मागे सरकवा. ट्यूबलेसमध्ये एका टायरला 120 ते 150 मिलिलिटर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. कडक थंडीत लॅटेक्सचं सीलंट घट्ट होतं आणि भोक बुजवायला वेळ लावतं, त्यामुळे थंडीला चालणारं निवडा. फार कमी दाबावर वळणात टायरची कड उचलली जाऊन हवा फुस्सकन निघते. टायर रिमवर पक्का ‘टक्’ आवाज करून बसलेला असेल तर हे क्वचित होतं.

ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब सोबत हवीच. जागा वाचवायला 26 इंची, 2.4 ते 2.75 इंच रुंदीची साधी ट्यूब चालते. ती ताणली जाऊन फॅट टायर भरते, वजन निम्मं. मात्र ताणलेलं रबर पातळ होतं, म्हणून ती मुक्काम गाठण्यापुरतीच. टायरची बगल दगडाने फाटली तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) धरत नाही. जाड सुई आणि नायलॉनचा दोरा किंवा दात साफ करायचा दोरा घेऊन बगल शिवा, टाके फाटलेल्या कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत घ्या, आणि आतून मोठं ठिगळ लावा. थंडीत ठिगळाचा गोंद सुकत नाही, विनागोंदाची ठिगळं तर चिकटतच नाहीत. ट्यूब आणि ठिगळ दोन्ही आधी जाकिटाच्या आत घेऊन उबदार करा.

सामान. पाणी सोडून 12 ते 15 किलो ही मर्यादा धरा. वाळूत पुढचं चाक हलकं हवं. ते जड झालं की नांगरासारखं आत शिरतं आणि हँडल हातात राहत नाही. म्हणून पाणी, अवजारं, इंधन, सगळं जड सामान फ्रेमच्या त्रिकोणातल्या बॅगेत, शक्य तितकं खाली. सॅडलमागच्या लांब बॅगेत कपडे आणि स्लीपिंग बॅग. हँडलवर तंबूचं कापड किंवा गादी, तीन किलोच्या आत. फोर्कच्या दोन्ही बाजूंना एकेक किलोपेक्षा जास्त नको. फॅट टायरचा घेर मोठा असल्याने सॅडलखालची जागा कमी पडते. बॅग आणि टायर यांत सामान भरून, सायकलवर बसून मोजलेलं पाच-सहा सेंटिमीटर अंतर हवं. खड्ड्यात बॅग खाली झुकते आणि घासून दोन तासांत भोक पडतं. पट्ट्यांखाली वाळू गेली की ती सॅंडपेपरचं काम करते आणि रंग खरवडते. जिथे पट्टा टेकतो तिथे आधीच जाड पारदर्शक चिकटपट्टी लावा.

वाळूत चालवण्याचं तंत्र थोडक्यात सांगण्यासारखं आहे. मऊ पट्टा लागण्याआधीच गिअर हलका करा, आत गेल्यावर बदलायला जाऊ नका. बसून चालवा, वजन थोडं मागे, हात सैल, नजर दहा-पंधरा मीटर पुढे. पाय एकसारखे फिरत राहू द्या. झटका दिला की मागचं चाक खड्डा खणतं. पुढचं चाक भरकटायला लागलं तर त्याला जोर लावून सरळ करू नका, वजन मागे घ्या, ते आपोआप वर येतं. वळण मोठं घ्या. ब्रेकची गरज सहसा पडत नाही, वाळूच थांबवते.

किनाऱ्यावर मात्र तंत्रापेक्षा वेळापत्रक मोठं. ओहोटीच्या तळाआधी दोन तास आणि नंतर दोन तास, तेवढ्यात पाणी नुकतंच ओसरलेला ओला पट्टा घट्ट असतो, तिथे कोरड्या वाळूच्या दुप्पट वेगाने जाता येतं. भरतीच्या वेळी किनारा उरतो तो सुक्या, उताराच्या वाळूचा. तेव्हा जेवा, झोपा. भरती-ओहोटीचा तक्ता पाहून दिवस आखा आणि कड्याखालून जाणारा पट्टा असेल तर परत फिरायचीही वेळ धरा. मुखाशी नदी ओलांडायची असेल तर तीही ओहोटीला. लाटांमधून चालवू नका. मीठ डिस्कच्या पॅडमध्ये, हबच्या बेअरिंगमध्ये आणि फ्रेमच्या बोल्टांत जातं. गोडं पाणी मिळेल त्या पहिल्या ठिकाणी सायकल हलक्या हाताने धुवा, पाण्याचा जोराचा झोत मारू नका. वाळूच्या टेकड्यांमध्ये वारा ज्या बाजूने येतो ती बाजू कमी चढाची आणि घट्ट असते. पलीकडची घसरती बाजू साधारण 34 अंशांची आणि मऊ. ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट हा सुमारे 1850 किलोमीटरचा वाळवंटी मार्ग नऊशेच्या आसपास टेकड्या ओलांडतो. तिथे ही बाब एकदाची नसते, रोजची असते.

वाळूत चेनला ओलं, चिकट तेल लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने पॉलिश पेपर तयार करणं. मेण किंवा कोरडं वंगण लावा, रोज संध्याकाळी जुन्या दातांच्या ब्रशने चेन झाडा. पुढे एकच चक्र, 28 किंवा 30 दात्यांचं, मागे 46 ते 50 दात्यांपर्यंतचा कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच. यापेक्षा जड गिअरिंग भरल्या सायकलला वाळूत उपयोगाचं नाही.

दगडाळ टप्प्याबद्दल एक गैरसमज आहे की जाड टायर म्हणजेच सस्पेन्शन. टायर स्प्रिंगचं काम करतो, पण ती उसळी मारणारी स्प्रिंग आहे, तिला आवरणारं काही नसतं. उतारावर वेग घेतला की चेंडूसारखी सायकल उडते, आणि सामान असेल तर ती उडी वाढते. वेग कमी ठेवा. टायर निवडताना 120 टीपीआयचे (टीपीआय म्हणजे टायरच्या कापडात इंचाला किती धागे) हलके आणि लवचिक, पण बगलेने नाजूक. 60 टीपीआयचे जड, पण दगड सोसणारे. मिश्र वाटेसाठी मी 60 चे सुचवेन, निदान मागच्या चाकाला. पन्हाळीसारख्या लाटा पडलेल्या रस्त्यावर बोल्ट ढिले होतात. रॅक, बाटलीचे पिंजरे, डिस्कचे बोल्ट यांना निळं थ्रेडलॉकर (बोल्टचे आटे धरून ठेवणारा द्रव) लावून निघा आणि रोज रात्री चावी फिरवून बघा. आणखी एक: फॅट बाइकचा बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस जिथे फिरतो तो भाग) 100 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असल्याने दोन पेडलमधलं अंतर 200 मिलिमीटरच्या वर जातं, साध्या माउंटन बाइकवर ते 170-180 असतं. गुडघ्यांना या फरकाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. नवी सायकल घेऊन थेट लांब वाटेवर निघू नका.

बर्फाच्या बाबतीत सगळ्यात आधी बर्फ ओळखायला शिका. स्नोमोबाइलने दाबलेली वाट रात्रभर गोठली की पहाटे रस्त्यासारखी चालते. तीच वाट ऊन चढल्यावर लापशी होते. म्हणून पहाटे निघा, दुपारी थांबा. नुकताच दाबलेला बर्फ घट्ट व्हायला काही तास जाऊ द्यावे लागतात. साखरेच्या दाण्यांसारखा सुटा बर्फ कुठल्याही दाबावर तरंगू देत नाही, तिथे ढकलणं आलंच. वाटेवर तुमच्या चाकाची खूण इंचभरापेक्षा खोल उमटत असेल तर हवा आणखी काढा. तरीही उमटली तर उतरा, नाहीतर मागून येणाऱ्यांची वाट बिघडते. गोठलेल्या नदीवर बर्फाखाली पाणी साचलेलं असू शकतं. काळसर, ओलसर डाग दिसला तर वळसा घ्या. नितळ बर्फावर खिळ्यांच्या टायरशिवाय जाऊ नका, तिथे रुंदी काहीच मदत करत नाही.

थंडीत पहिलं दगा देतं ते फ्रीहब, म्हणजे मागच्या चाकाचा पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग. आतलं ग्रीस घट्ट होतं, छोटे खटके बाहेर येत नाहीत आणि पेडल हवेत फिरल्यासारखं दोन्हीकडे फिरतं. निघण्याआधी फ्रीहब उघडून मूळचं ग्रीस पुसून काढा आणि कडक थंडीसाठीचं पातळ वंगण घाला. वाटेत झालंच तर उपाय ओबडधोबड आहे: कॅसेटचं मोठं चक्र प्लॅस्टिकच्या झिप टायने तीन-चार ठिकाणी स्पोकना बांधा. मग पाय थांबवता येणार नाहीत, सायकल फिक्स्ड होते, पण पुढे सरकते. 2005 मध्ये आलेल्या सर्ली पग्स्ली या फॅट बाइकमध्ये पुढचा आणि मागचा हब दोन्ही 135 मिलिमीटरचे होते. पुढच्या चाकावर एक चक्र बसवून ठेवलं तर मागचं चाक निकामी झाल्यावर दोन्ही चाकं आपसांत बदलता यायची. आजच्या फ्रेममध्ये पुढे 150 आणि मागे 197 मिलिमीटर असतात, त्यामुळे ती सोय गेली. सस्पेन्शन फोर्कचं तेल आणि सील थंडीत आखडतात, साधा फोर्क बरा. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइलपेक्षा डॉट हा ब्रेकचा द्रव थंडी जास्त सोसतो; फार कडक थंडीसाठी केबलचे डिस्क ब्रेक, कारण ते हातमोजे घालूनही दुरुस्त होतात.

अंगाची काळजी हा वेगळा विषय आहे, इथे सायकलशी जोडलेलं तेवढंच. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उबेत निघालात तर वीस मिनिटांत घाम येतो आणि थांबलात की तोच गोठतो. हँडलवर पोगी, म्हणजे हाताचे मोठे कवच बसवा, आत पातळ मोजे पुरतात. पेडल सपाट घ्या. क्लीटचा (बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्टीचा) धातू तळव्यातली ऊब ओढून नेतो. बूट एक ते दीड नंबर मोठे. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि झाकण मोकळं राहतं. फोन आणि पॉवर बँक आतल्या खिशात. लिथियम-आयनची बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका. हेडलॅम्पसाठी लिथियमचे एकदाच वापरायचे सेल थंडीत साध्या सेलपेक्षा कितीतरी जास्त टिकतात.

स्टोव्हबद्दल थोडं सविस्तर, कारण बर्फात पाणी म्हणजे इंधन. गॅसच्या डब्यात ब्युटेन शून्याच्या जरा खाली उकळायचं थांबतं, आयसोब्युटेन उणे 12 अंशांच्या आसपास. प्रोपेन उणे 42 पर्यंत चालतं, पण ते आधी संपतं आणि उरलेला गॅस डब्यातच बसून राहतो. म्हणून व्हाइट गॅसचा (नाव गॅस, पण हे पेट्रोलसारखं द्रव इंधन), पंपाचा स्टोव्ह घ्या. बर्फ वितळवून प्यायचं असेल तर माणशी दिवसाला 150 ते 200 मिलिलिटर इंधन धरा. भांड्यात आधी थोडं पाणी घालून मग बर्फ टाका. नुसता सुका बर्फ टाकला तर तळ करपतो आणि पाण्याला जळकट वास येतो. मिनेसोटातल्या ॲरोहेड 135 या 135 मैलांच्या हिवाळी शर्यतीत सोबत काय असायलाच हवं याची सक्तीची यादी आहे: उणे 20 फॅरेनहाइटची, म्हणजे उणे 29 सेल्सिअसची स्लीपिंग बॅग, उष्णता रोखणारी गादी, तंबू किंवा बिव्ही (स्लीपिंग बॅगवर चढवायची जलरोधक पिशवी), स्टोव्ह, भांडं, आग पेटवायचं साहित्य, शिट्टी, दिवे, आणि शर्यत संपवताना 8 औंस इंधन आणि 3000 कॅलरी अन्न शिल्लक दाखवावं लागतं. शेवटची अट आपल्या प्रवासाला जशीच्या तशी लावा: मुक्कामाला पोहोचाल तेव्हा एका दिवसाचं अन्न आणि इंधन न वापरलेलं हवं.

सुटे भाग वाटेत मिळत नाहीत, कारण फॅट बाइकचे मापच निराळे. सोबत न्या: आपल्या फ्रेमचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा), चेनच्या दोन क्विक लिंक, प्रत्येक लांबीचे दोन-दोन स्पोक, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या (ओली वाळू एका दिवसात एक जोडी खाऊ शकते, मेटॅलिक पॅड घ्या), एक गिअर केबल, व्हॉल्व्हचे दोन कोर, 60 मिलिलिटर सीलंट.

अंतराचा अंदाज कच्च्या रस्त्याच्या सवयीवरून काढू नका. भरल्या फॅट बाइकवर घट्ट ओल्या वाळूत तासाला 10 ते 13 किलोमीटर होतात, सुक्या वाळूत 5 ते 7, मऊ बर्फात 4 ते 6, ढकलताना 2 ते 3. रोज आठ तास हलता असं धरा, त्यातला एक चतुर्थांश वेळ ढकलण्यात जाईल असं समजा, आणि त्या हिशोबाने पाणी भरा. उष्ण कोरड्या वाळूत दिवसाला 6 ते 8 लिटर लागतात. दोन पाणवठ्यांमधलं अंतर दीड दिवसापेक्षा जास्त निघालं तर फक्त पाण्याचंच वजन 9 ते 12 किलो होतं. टायरमध्ये एक-दोन पीएसआय वाढवावे लागतात, सायकल जास्त रुतते, वेग घटतो आणि दीड दिवसाचे दोन होतात. असा टप्पा नकाशावर दिसला तर आधी वाट बदलून बघा. ती बदलत नसेल तर पाणी आधीच नेऊन ठेवण्याची सोय करा, आणि ती जागा जीपीएसवर दोन ठिकाणी नोंदवा.